ऑपरेशननंतर आई वॉर्डात हजेरी घेतेय. हे वेड तर नाही ना?

कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री १.५०

वॉर्डात कॉटशेजारच्या स्टुलावर बसून फोनवर लिहितेय. चुका पोटात घाला.

आई ७८ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं, बाबा गेल्यापासून गावी एकटी राहते. स्वतःचा स्वयंपाक, पेपर, शब्दकोडं, सगळं चालू होतं. गेल्या गुरुवारी पहाटे न्हाणीघरात पाय घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. शुक्रवारी पाठीत भूल देऊन ऑपरेशन झालं. शनिवारी एकदम छान. "मांजरीला दूध कोण घालतंय?" म्हणून विचारलं, आणि शेजारच्या काकूंचा मोबाईल नंबर दहाच्या दहा आकडे तोंडपाठ सांगितला. मी तो तसाच लावला.

रविवारी दिवेलागणीपासून बिनसलं. आधी नुसती चादरीची कड चिमटीत धरून ओढत होती, जशी फडक्यातून दोरा काढावा तशी. मग म्हणाली, "या वर्गात एवढा गोंगाट का?" रात्री हजेरी घ्यायला लागली. एकेक नाव घ्यायची, थांबायची, कुणी 'हजर' म्हटलं नाही की पुन्हा तेच नाव. नावं खरी होती, तिच्या जुन्या वर्गातली. समोरच्या कॉटवरच्या बाईंना "उभी राहा" म्हणून ओरडली. सिस्टर सलाईन बदलायला आल्या तर त्यात काहीतरी कालवतायत म्हणून किंचाळली आणि त्यांना चापट मारली. सुई उपसली. मला म्हणाली, "तुला घरावर सही पाहिजे म्हणून मला इथं आणून टाकलंयस."

त्यानंतर तिचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधले आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. काल सकाळी जागी झाली तेव्हा मला ओळखलं, चहात बुडवून दोन बिस्किटं खाल्ली. मला वाटलं, गेलं एकदाचं. संध्याकाळ झाली आणि पुन्हा तेच. आज तर दुपारपासूनच सुरू आहे. हात अजून बांधलेले आहेत. उजव्या मनगटावर वळ उठलाय.

हाडांचे डॉक्टर राउंडला येतात, एक्स-रे बघतात, ऑपरेशन उत्तम झालंय म्हणतात. मी या सगळ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "वय झालंय त्यांचं, घरी गेल्यावर होईल ठीक." भाऊ पुण्याहून फोनवर म्हणतो, विसरभोळेपणाची सुरुवात आधीच झाली असणार, आपलं लक्ष नव्हतं. वहिनीनं मानसोपचाराच्या डॉक्टरांना बोलवायचं सुचवलं तर काका तिच्यावर खेकसले, आपल्या घरात कुणी वेडं नाही म्हणून. आणि शेजारच्या कॉटवरच्या आजींसोबत आलेल्या बाई म्हणाल्या, "वात झालाय त्यांना. अंथरूण चाचपायला लागलं की काही खरं नसतं." ते ऐकल्यापासून पोटात गोळा आलाय.

असं एका रात्रीत डिमेंशिया होतो का? मी कुणाला काय विचारू? हात सोडा म्हणून सांगायचा मला अधिकार आहे का? कुणी जागं असेल तर कृपया लिहा.

---

निवृत्त_सिस्टर · रात्री २.२०

ताई, मी जागी आहे. ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली बरीच हाडांच्या आणि मेडिसिनच्या बायकांच्या वॉर्डात. रात्रपाळीची सवय अजून गेलेली नाही.

आधी एवढंच वाचा. हे वेड नाही. एका रात्रीत डिमेंशियाही होत नाही, तो महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं सरकत येतो. तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे अचानक सुरू होणं, सकाळी बरं आणि संध्याकाळी वाईट, नसलेलं दिसणं, याला डेलिरियम म्हणतात. 'वात झाला' हा शब्द माझ्या आजीच्याही तोंडात होता. टायफॉइडच्या तापात माणूस बरळायला लागला की म्हणायचे. शब्द टाकाऊ नाही, पण 'काही खरं नसतं' हे मनातून काढून टाका. कारण सापडलं आणि त्यावर इलाज झाला की यातून बरी झालेली कितीतरी माणसं मी घरी पाठवलीत.

म्हाताऱ्या माणसाच्या शरीरात काही बिघडलं की आधी मेंदू बोलतो. न्यूमोनिया असतो पण ताप नसतो, लघवीत जंतू असतात पण जळजळ नसते, माणूस फक्त भलतंसलतं बोलतो. म्हणून कारण शोधायचं. सकाळी विचारा की सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, शेवटचं कधी तपासलं. साखर, ऑक्सिजन, रक्त किती उरलंय. लघवीची नळी काढली असेल तर त्यानंतर लघवी झाली का, का पोटात तुंबलीय. शौचाला शेवटी कधी झाली. दुखणं दाबायला काय देतायत. खाजेला, सर्दीला देतात त्या जुन्या औषधांपैकी, क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन वगैरे, काही चालू आहे का. त्यांनी या वयाच्या माणसाचा मेंदू आणखी गढूळ होतो.

आणि एक तुम्ही स्वतः शोधा. घरी त्या काय काय घेत होत्या? झोपेची गोळी? आमच्या बायका ती वर्षानुवर्षं घेतात आणि मुलांना पत्ता नसतो. ॲडमिट झाल्यावर ती एकदम बंद होते आणि दोन-तीन दिवसांनी असंच सुरू होतं. पुरुष वॉर्डात हेच दारूचं होतं.

हातांचं. ताई, मीही बांधलेत. दोन सिस्टर आणि ४० पेशंट अशा रात्री मी कॉटला हात बांधलेत आणि मला ते आजही आठवतं. बांधलेला माणूस जास्त झटतो, जास्त घाबरतो, भ्रम वाढतो. तुम्ही आत्ता उठा आणि ड्युटीवरच्या सिस्टरना सांगा, "मी हात धरून बसते, तुम्ही सोडा. सुई त्यांना दिसणार नाही अशी वरून क्रेप पट्टी गुंडाळा." भांडू नका, त्याही एकट्याच असतील. तुम्ही बसणार म्हटल्यावर बहुतेक जणी सोडतात.

त्यांच्याशी वाद घालू नका, पण 'हो हो, शाळाच आहे ही' असंही म्हणू नका. "आई, मी इथं आहे, आपण दवाखान्यात आहोत, पाय मोडला होता, आता नीट होतोय." एवढंच, हळू, पुन्हा पुन्हा. चष्मा लावा. कवळी असेल तर बसवा. कानाचं यंत्र असेल तर ते आणा. पायावर घरची गोधडी घाला. रात्री एक मंद दिवा असू द्या, दिवसा खिडकीचा पडदा उघडा. घोट घोट पाणी पाजा. दर रात्री नवीन माणूस बसवू नका. आणि कुणालाही व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकू देऊ नका. त्यांना पुढे कळलं तर जन्मभर लागेल.

---

कृष्णाकाठ · रात्री ३.०५

हात सोडले. सिस्टर लगेच हो म्हणाल्या, उलट त्यांनाच बरं वाटलं असं दिसलं. आईनं माझं बोट धरलंय, तर्जनीच नेमकी, आणि घट्ट. कानाचं यंत्र गावी टेबलाच्या खणात राहिलंय. पडल्यावर त्या गडबडीत कुणाच्या लक्षात येणार. झोपेच्या गोळीचं मला काहीच माहीत नाही. काकूंना सकाळी फोन करते.

---

अमरावतीकर · बुधवार, सकाळी ७.१०

ताई, तुमची आई ओरडली म्हणून तुमचं लक्ष गेलं, म्हणून हे लिहितो. आमचे बाबा ओरडले नाहीत.

८१ वर्षांचे होते. पायाच्या जखमेसाठी ॲडमिट केलं होतं. तिसऱ्या दिवसापासून ते गप्प झाले. दिवसभर झोपून, हाक मारली की डोळे उघडत, "हो" म्हणत, पुन्हा मिटत. वॉर्डातले सगळे म्हणत, काका किती शांत, काही त्रास नाही त्यांचा. आम्हीही म्हणायचो, चला, आराम होतोय, आयुष्यभर राबलेत. भेटायला येणारे हळू आवाजात बोलून परत जात.

चौथ्या दिवशी वॉर्डातल्या मावशी माझ्या बहिणीला म्हणाल्या, "बाई, काका चहा तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत. असं बरं नसतं." बशीतला चहा ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलेला होता, तो डाग मला अजून दिसतो. बहिणीनं ड्युटीवरच्या डॉक्टरांना ओढून आणलं. छातीचा फोटो काढला तर उजव्या फुफ्फुसात न्यूमोनिया. ताप एक दिवसही आला नव्हता.

बाबा त्यातून उठले नाहीत. दोन दिवस आधी कळलं असतं तर वाचले असते का, ते कुणी सांगू शकत नाही. पण 'शांत पेशंट' हा शब्द मला आता ऐकवत नाही. इथं वाचणाऱ्यांना सांगणं आहे, आपलं माणूस दवाखान्यात एकाएकी फार शहाण्यासारखं गप्प झालं तर आराम समजू नका. विचारा.

---

दूरचा_डॉक्टर · बुधवार, सकाळी ११.३०

मी मूळचा सोलापूरचा, उत्तर इंग्लंडमध्ये एका सर्वसाधारण रुग्णालयात वृद्धांचा मानसोपचारतज्ज्ञ आहे. माझं सगळं काम हाडांच्या, छातीच्या, पोटाच्या वॉर्डांतच असतं. अमरावतीकरांनी लिहिलं तो गुपचूप डेलिरियम. म्हाताऱ्या माणसांत तोच जास्त असतो आणि तोच जास्त निसटतो.

कृष्णाकाठ, आधी तुमच्या काकांसाठी. इथल्या रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सनं २००५ साली एक अहवाल काढला होता. ५०० खाटांच्या नेहमीच्या रुग्णालयात कुठल्याही दिवशी सुमारे ३३० खाटांवर वयस्कर माणसं असतात आणि त्यांतल्या २२० जणांना काही ना काही मानसिक आजार असतो, असा त्यांचा हिशोब होता. साधारण १०० जणांना डिमेंशिया, १०० जणांना नैराश्य, ६६ जणांना डेलिरियम, काहींना यातलं एकाहून जास्त. ही सगळी माणसं खुबा, छाती, हृदय असल्या कारणांनी आलेली, मानसोपचाराच्या वॉर्डात एकही नाही. मानसोपचाराचा डॉक्टर तिथं बोलावणं म्हणजे वेडाचा शिक्का मारणं नव्हे. सोडियम घसरलं की फिजिशियनला बोलावतात तसंच हे.

आता तुमच्या उपयोगाचं. डेलिरियम ओळखायला फोर-एटी नावाची एक छोटी चाचणी आहे, दोन मिनिटांत होते. पेशंट कितपत जागा आहे ते बघायचं. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारायचं. महिने उलटे म्हणायला लावायचे, सात तरी बरोबर आले तर ठीक. आणि चौथी गोष्ट, हा बदल अचानक झालाय का, कमीजास्त होतोय का. एकूण गुण १२. चार किंवा जास्त आले तर डेलिरियम असण्याची शक्यता धरायची. यात बघा, चौथ्या गोष्टीचे एकटीचेच चार गुण आहेत. म्हणजे बाकी सगळी उत्तरं बरोबर आली तरी नुसत्या अचानक बदलावर डॉक्टरांनी थांबून बघितलं पाहिजे. आणि हा बदल सांगणार कोण? ज्या डॉक्टरांनी तुमच्या आईला शुक्रवारी पहिल्यांदा पाहिलं त्यांना शनिवारची आई आणि रविवारची आई यांतला फरक कसा दिसेल? तो तुम्हालाच दिसतो. तुम्ही लिहिलेला तो फोन नंबरचा प्रसंग जसाच्या तसा फाईलमध्ये लिहून घ्या म्हणावं.

इथं २०१४ साली 'जॉन्स कॅम्पेन' नावाची चळवळ सुरू झाली, डिमेंशियाच्या पेशंटजवळ घरच्या माणसाला वॉर्डात थांबू द्या एवढ्यासाठी. एका बाईनं आपल्या वडिलांच्या मृत्यूनंतर मैत्रिणीच्या साथीनं उभी केलेली. आपल्याकडे आयसीयू सोडलं तर नातेवाईक मुळातच कॉटशेजारी असतो, केवढी मोठी गोष्ट आहे ही. आणि आपण त्याला काय काम लावतो? खाली जाऊन औषधं आण, पैसे भर, रिपोर्ट आण. पेशंटबद्दल त्याला कुणी विचारतच नाही.

निवृत्त सिस्टरांनी जे सांगितलं, चष्मा, यंत्र, पाणी, झोप, उठवून बसवणं, आपण कुठे आहोत ते सांगणं, त्याला घरगुती उपाय समजू नका. अमेरिकेत येल विद्यापीठात नेमकं हेच ७० वर्षांवरच्या ८५२ पेशंटांवर करून पाहिलं होतं, १९९९ साली छापून आलं. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्क्यांना डेलिरियम झाला, जिथं ही काळजी घेतली तिथं ९.९ टक्क्यांना. नवीन गोळी एकही नव्हती त्यात. मात्र ही काळजी पहिल्या दिवसापासून घ्यायची असते. एकदा सुरू झाल्यावर कारण शोधणं आधी. शांत करणारी औषधं फक्त पेशंट फार घाबरलेला असेल किंवा स्वतःला इजा करून घेत असेल तर, अगदी थोडी, थोडे दिवस. पार्किन्सन, म्हणजे कंपवात, असेल तर ते आधी सांगा, या शांत करणाऱ्या औषधांतली काही अशा पेशंटना चालत नाहीत.

---

पॉलिसीवाला · बुधवार, दुपारी १.१५

मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव फाईलवर आलं तर मेडिक्लेम अडेल अशी भीती बरेच जण घालतात, म्हणून सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या कलम २१ मध्ये मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा असं आहे, आणि विमा नियामकानंही ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलंय. या भीतीपोटी डॉक्टर बोलवायचे थांबू नका.

---

कृष्णाकाठ · शुक्रवार, रात्री ९.४०

सगळ्यांची उत्तरं मी वॉर्डातल्या जिन्यात बसून दोनदोनदा वाचली. काय झालं ते सांगते.

बुधवारी सकाळी काकूंनी आमचं घर उघडून शोधलं. देवघराच्या खणात, वातींच्या डब्यामागे, अल्प्राझोलामची, म्हणजे झोपेच्या गोळीची, पाकिटं. तीन रिकामी, एक अर्धं. गावातल्या मेडिकलवाल्यानं सांगितलं की बाई सहा वर्षं दर महिन्याला नेतात, रोज रात्री एक. सहा वर्षं म्हणजे बाबा गेल्यापासून. आम्ही दर रविवारी फोनवर विचारायचो, झोप लागते का? ती म्हणायची, "लागते की." खोटं नव्हतंच ते.

राउंडला मी सिस्टरांनी शिकवलं तसं बोलले. शनिवारी सकाळी अकराला नंबर तोंडपाठ, रविवारी साडेसहाला मला ओळखलं नाही, घरची झोपेची गोळी गुरुवारपासून बंद. डॉक्टरांनी पहिल्यांदा खुर्ची ओढली. लगेच फिजिशियनना फोन केला. सोडियम १२१ आलं, म्हणजे फारच कमी. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, ते चालूच होतं, आणि वरून खाणं शून्य. ती गोळी बदलली, सोडियम हळूहळू वर आणतायत. एकदम चढवायचं नसतं, त्यानं मेंदूला इजा होऊ शकते असं त्यांनी समजावलं. शौचाला सहा दिवस झाली नव्हती, तेही सांगितल्यावरच कळलं.

दुपारी मानसोपचाराच्या डॉक्टर आल्या. काका बाहेर उभे होते, आत आले नाहीत. डॉक्टर तरुण होत्या. आईला "बाई" म्हणाल्या, आजी नाही, मावशी नाही, बाई. तेवढ्यानं आईनं मान वळवली. मग म्हणाल्या, "बाई, मला मराठी महिने उलटे म्हणून दाखवता का?" आईनं सुरुवात केली. फाल्गुन. माघ. पौष. मग थांबली. पुन्हा पौष. तिचे ओठ हलत होते, बोटांवर मोजत होती, अंगठा तिसऱ्या पेरावर अडकला होता. चौतीस वर्षं पोरांकडून तिनं हे महिने घोकून घेतलेले. "पौष, पौष..." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण अडकलंय हे तिला कळत होतं. डॉक्टरांनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "असू दे बाई. हे तुमच्या हुशारीचं नाही, रक्तातल्या मिठाचं आहे."

झोपेची गोळी थोड्या प्रमाणात परत सुरू केलीय, पुढे आठवड्या-आठवड्यानं कमी करत बंद करायची. भाऊ पुण्याहून यंत्र घेऊन आला, वाटेत गावी उतरून. ते कानात घातल्यावर आई म्हणाली, "अरे, तू कधी आलास?" काल रात्री हजेरी झाली नाही. आज सलग चार तास झोपली.

---

निवृत्त_सिस्टर · शुक्रवार, रात्री १०.०५

देव पावला. आता एक करा, डिस्चार्ज कार्डावर 'डेलिरियम' हा शब्द लिहून घ्या, सोडियमच्या आकड्यासह. नाही तर फक्त खुब्याचं ऑपरेशन एवढंच लिहून देतात आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून.

---

कृष्णाकाठ · पुढचा बुधवार, सकाळी ६.२०

सोमवारी घरी आणलं, माझ्याकडे. भ्रम गेलाय. दिवस, वार, माणसं सगळं ठीक. पण ती आता बोलत नाही. जेवण दोन घास. शब्दकोड्याचा पेपर घडी न मोडता पडून असतो. काल वॉकर धरून चार पावलं चालवलं तर म्हणाली, "कशाला एवढी मेहनत, माझं झालंय आता. तुझ्या गळ्यात पडले." पहाटे चारला जागी असते आणि छताकडे बघते. व्यायाम शिकवायला येणारे म्हणतात, मनानं घेतलं पाहिजे त्यांनी. डॉक्टर, हा डेलिरियमचाच उरलेला भाग का?

---

दूरचा_डॉक्टर · बुधवार, दुपारी १२.५०

असू शकतो. डेलिरियम पूर्ण निवळायला काही आठवडे, कधी महिने लागतात. पण अन्नावरची वासना जाणं, पहाटे जाग येणं, "माझं झालंय", शब्दकोडं सोडवणं बंद होणं, हे मला नैराश्य वाटतंय. ज्या डॉक्टरांनी महिने विचारले त्यांच्याचकडे या आठवड्यातच दाखवा, महिन्यानं नको. खुबा मोडल्यानंतर मन खचलं की माणूस चालत नाही, आणि चालला नाही की आणखी खचतो.

दोन गोष्टी. नैराश्याची जी औषधं सर्रास देतात त्यांनी काही वृद्धांचं सोडियम उतरतं. तुमच्या आईचं एकदा उतरलंय, तेव्हा डिस्चार्ज कार्ड हातात घेऊनच जा. औषध निवडताना त्या ते बघतील आणि सुरू केल्यावर पुन्हा रक्त तपासतील.

दुसरं, आईला सरळ विचारा, "आई, जगू नये असं वाटतं का तुला?" विचारल्यानं डोक्यात ते येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली आणि त्यात काही बेत जाणवला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दाखवा. रात्रीबेरात्री अडलं तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात. घरातल्या झोपेच्या गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा.

---

कृष्णाकाठ · शनिवार, दुपारी ४.१५

विचारलं. त्याच रात्री, पायाला तेल चोळताना. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मरावंसं नाही गं वाटत. पण मी त्या मुलीला मारलं ना? आणि तुला घरावरून बोलले." तिला सगळं आठवतंय. तुकड्यातुकड्यांत, पण आठवतंय. सलाईनमध्ये कुणी विष घालतंय ते आठवतं, पट्टीची गाठ आठवते. इतके दिवस आम्हाला वाटत होतं तिला काही माहीत नाही, म्हणून तिच्यासमोर कुणी विषयच काढला नव्हता. ती एकटीच ते घेऊन पडली होती. मी तिला सोडियमचा कागद दाखवला, गोळीचं सांगितलं, अगदी वारांसह. तिनं चष्मा लावून कागद वाचला.

काल टाके काढायला गेलो. आईनं परसातल्या शेवग्याच्या शेंगा काकूंकडून मागवल्या होत्या, त्या पेपरात बांधून घेतल्या. त्या सिस्टर दुपारपाळीला होत्या. आई म्हणाली, "बाळ, माझ्याकडून तुझ्यावर हात उचलला गेला." सिस्टर म्हणाल्या, "तुमची चापट मला आठवतसुद्धा नाही बाई. मी गाठ मारली ते आठवतं." दोघी थोडा वेळ तशाच उभ्या होत्या, आई वॉकर धरून.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी नैराश्याचं औषध सुरू केलंय, सोडियम कमी उतरवणारं निवडून, १० दिवसांनी रक्त तपासायचंय. काका आईला घेऊन आत गेले होते.

आणि एक कागद केलाय, माझ्या पर्समध्ये एक आणि आईच्या पिशवीत एक, पुन्हा कधी ॲडमिट करायची वेळ आली तर पहिल्या दिवशी द्यायला. मी मजकूर सांगितला, आईनं तिच्या अक्षरात लिहिला. नाव, वय, चालू औषधं, झोपेची गोळी कमी करत आणलीय, सोडियम १२१ झालं होतं, डाव्या कानाला यंत्र, चष्मा, ऑपरेशननंतर डेलिरियम. मी पेन मागितलं तर तिनं दिलं नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली: हात बांधू नयेत, माझी मुलगी शेजारी बसेल.